दोन शेजारी, दोन ठराव

२ ऑगस्ट

इराकने कुवेतवर चाल केली तो हा दिवस. त्या निमित्ताने आज संध्याकाळी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे दोन जुने ठराव शेजारी-शेजारी ठेवून वाचले, आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. एक ठराव क्रमांक ४७९, दिनांक २८ सप्टेंबर १९८०. दुसरा क्रमांक ६६०, दिनांक २ ऑगस्ट १९९०. दोन्ही वेळी आक्रमण करणारा देश इराकच होता आणि त्या देशाची सत्ता सद्दाम हुसेन यांच्याच हाती होती. शेजारी मात्र वेगळा होता. १९८० साली तो इराण होता आणि १९९० साली कुवेत.

१७ सप्टेंबर १९८० रोजी सद्दाम यांनी इराणशी १९७५ साली झालेला अल्जियर्स सीमाकरार रद्द केल्याचे जाहीर केले आणि शत्त-अल-अरब या सीमेवरच्या नदीवर संपूर्ण हक्क सांगितला. २२ सप्टेंबरला इराकी विमानांनी इराणच्या विमानतळांवर बाँब टाकले आणि लष्कर खुझेस्तान प्रांतात शिरले. परिषदेला ठराव करायला सहा दिवस लागले. त्या ठरावात दोन्ही देशांना बळाचा वापर ताबडतोब थांबवण्याचे आणि आपला वाद शांततेच्या मार्गाने सोडवण्याचे आवाहन आहे. आक्रमण कोणी केले ते त्यात लिहिलेले नाही, आणि इराकने आपले सैन्य मागे घ्यावे असेही कुठे म्हटलेले नाही.

दहा वर्षांनी २ ऑगस्टच्या पहाटे इराकी रणगाडे कुवेत शहरात घुसले, त्याच दिवशी परिषद बसली आणि त्याच दिवशी ठराव झाला. चौदा सदस्यांनी बाजूने मत दिले, विरोधात कोणीही नव्हते, आणि एकट्या यमनने मतदानात भाग घेतला नाही. हा ठराव इतका आटोपशीर आहे की तो एका दमात वाचून होतो. आक्रमणाचा निषेध, आणि इराकने आपले सर्व सैन्य तत्काळ व बिनशर्त, १ ऑगस्ट १९९० रोजी ते जेथे होते तेथे मागे न्यावे, ही मागणी.

त्या एका तारखेवर मी बराच वेळ थांबलो. ‘१ ऑगस्ट’ असे लिहिले की नकाशावर एक रेघ आपोआप ओढली जाते, आणि त्या रेघेच्या पलीकडे उभा असलेला प्रत्येक सैनिक बेकायदा ठरतो. ४७९ मध्ये अशी तारीखच नाही. तारीख नसताना केवळ ‘लढाई थांबवा’ म्हणायचे, म्हणजे रणगाडे आज जेथे पोहोचले आहेत तेथेच त्यांना राहू द्यायचे. ज्याच्या घरात शत्रू शिरला आहे त्याला ‘आता दोघेही शांत बसा’ म्हणून सांगण्यासारखे ते होते, आणि इराणने तो ठराव फेटाळला यात मला आश्चर्य वाटत नाही.

३ ऑगस्ट

१९८० साली परिषद इतकी मऊ का राहिली याचा विचार दिवसभर डोक्यात होता. इराणची बाजू त्या काळात घेणे कोणालाही अवघड होते, हे आधी मान्य केले पाहिजे. ४ नोव्हेंबर १९७९ पासून तेहरानमध्ये अमेरिकी वकिलातीतील माणसे ओलीस होती. त्यांना सोडावे म्हणून याच परिषदेने ठराव केले होते, आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मे १९८० मध्ये निकाल दिला होता, आणि इराणच्या नव्या राजवटीने यांपैकी कशालाही जुमानले नव्हते. शिवाय इराणमधली इस्लामी क्रांती आपल्याही दारात येईल, या भीतीने आखातातले सारे राजे-अमीर धास्तावलेले होते. ज्याने स्वतः नियम धाब्यावर बसवले, त्याच्यासाठी आम्ही नियमाचा आग्रह का धरावा, असा विचार अनेक राजधान्यांतून झाला असणार.

हा विचार मला समजतो, पण मान्य होत नाही. वकिलातीत घुसणारे आणि त्यांना पाठीशी घालणारे तेहरानात होते. बाँब मात्र पडले ते खोर्रमशहरवर. या बंदराच्या शहरात सैनिक थोडे होते, म्हणून गावातली पोरे आणि स्वयंसेवक घराघरातून लढले, आणि महिन्याभराहून अधिक काळ शहर झुंजत राहिले. ऑक्टोबर १९८० च्या अखेरीस ते पडले. इराणने ते परत मिळवले २४ मे १९८२ रोजी, तोवर तेथे राहण्याजोगे फारसे काही उरले नव्हते. या सबंध काळात, म्हणजे एका देशाचे शहर दुसऱ्या देशाच्या ताब्यात असताना, ‘सैन्य मागे घ्या’ हे शब्द परिषदेच्या कोणत्याही ठरावात आले नाहीत. ते आले १२ जुलै १९८२ रोजी, ठराव ५१४ मध्ये. तेव्हा इराकी फौज बहुतांश हटलेली होती आणि इराणी फौज उलट इराकमध्ये शिरण्याच्या तयारीत होती. आंतरराष्ट्रीय सीमेची आठवण जगाला नेमकी त्या आठवड्यात झाली.

इराणनेही त्या वेळी थांबायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. सीमेपाशी थांबून न्याय मागण्याऐवजी तेहरानच्या राज्यकर्त्यांनी युद्ध पुढे नेले आणि आपलीच कोवळी मुले त्यात लोटली. पण दोन वर्षे ज्या परिषदेने साधा निषेधही केला नाही, तिच्या शब्दावर विश्वास ठेवून थांबा, असे तेहरानला सांगण्याचा अधिकार तरी कोणाकडे उरला होता?

मग सहा वर्षे आणखी. फ्रान्सने १९८३ मध्ये इराकला पाच लढाऊ विमाने वापरायला दिली, सोव्हिएत संघाने रणगाडे विकले, कुवेत आणि सौदी अरेबियाने अब्जावधी डॉलर दिले, अमेरिकेने १९८४ मध्ये बगदादशी राजनैतिक संबंध पुन्हा जोडले. चीनने दोन्ही बाजूंना शस्त्रे विकली. इराकने रासायनिक अस्त्रे वापरली हे संयुक्त राष्ट्रांच्याच तज्ज्ञांनी तपासून सांगितल्यावर फेब्रुवारी १९८६ च्या ठराव ५८२ मध्ये त्या वापराबद्दल खेद व्यक्त झाला. मात्र तो वापर कोणी केला, ते नाव त्या ठरावात नाही. त्याच ठरावात युद्धाला कारण झालेल्या आरंभीच्या कृत्यांबद्दलही खेद आहे, तेही नाव न घेता. १६ मार्च १९८८ रोजी हलब्जा गावावर विषारी वायू सोडला गेला आणि हजारो कुर्द माणसे जागच्या जागी मेली. ती इराकचीच नागरिक होती.

आपण भारतीयांनीही तेव्हा काही वेगळे केले नाही. इंदिरा गांधींच्या सरकारने दोन्ही देशांशी संबंध राखले, अलिप्त राष्ट्रांच्या मध्यस्थीत भाग घेतला. या युद्धाचा एक परिणाम मात्र थेट आपल्याकडे आला. अलिप्त राष्ट्रांची सातवी परिषद बगदादला भरायची होती. ती तेथे होऊ शकली नाही, आणि मार्च १९८३ मध्ये नवी दिल्लीत भरली.

५ ऑगस्ट

काल मामांकडे गेलो होतो. ते १९९० साली कुवेतमध्ये सालमिया भागात एका व्यापाऱ्याकडे हिशेबनीस होते. त्या ऑगस्टविषयी ते क्वचितच बोलतात, काल बोलले. त्यांच्या हातातला कुवेती दिनार, ज्याला तेव्हा भारतात साठ रुपयांच्या आसपास मिळत, तो इराकने एका फतव्याने इराकी दिनाराच्या बरोबरीला आणला आणि पुढे चलनातूनच काढला. वर्षांची कमाई एका आठवड्यात कागद झाली. बसने बसरा, बगदाद, तेथून वाळवंटातून जॉर्डनची सीमा. त्या सीमेवरच्या छावणीत पाण्याचा टँकर आला की रांग मोडायची आणि ट्रकवरून पावाच्या लाद्या फेकल्या जायच्या. शिकलेसवरलेले, कुटुंबवत्सल लोक त्या लाद्यांसाठी एकमेकांना ढकलत, हे सांगताना ते मध्येच गप्प झाले. मग अम्मानहून विमान आणि सहार विमानतळ. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात एअर इंडियाने ४८८ उड्डाणे केली आणि सगळे मार्ग मिळून सुमारे १ लाख ७० हजार भारतीय परत आले.

घरी आल्यावर निर्बंधांचा ठराव ६६१ पुन्हा काढला. ६ ऑगस्ट १९९०, आक्रमणानंतर चौथाच दिवस. इराकशी आणि ताब्यातल्या कुवेतशी सगळा व्यापार बंद. औषधे वगळली, आणि मानवतावादी परिस्थितीत अन्न. निर्बंध कागदावर घालणे सोपे असते, अंमल अवघड. पण येथे भूगोलच निर्बंधांच्या बाजूला होता. इराकचे तेल बाहेर पडायला मोजकेच रस्ते होते. एक तेलवाहिनी तुर्कस्तानातून भूमध्य समुद्राकडे जाई, दुसरी सौदी अरेबियातून तांबड्या समुद्राकडे. दोन्ही देशांनी ऑगस्टमध्येच आपापली वाहिनी बंद केली. समुद्रावर २५ ऑगस्टच्या ठराव ६६५ ने जहाजे अडवून तपासण्याची मुभा दिली. बाजारातून इराकचे आणि कुवेतचे तेल एकदम नाहीसे झाले, तेव्हा सौदी अरेबियाने आपले उत्पादन वाढवून ती तूट बरीचशी भरून काढली. जे देश दहा वर्षांपूर्वी सद्दामना पैसे पुरवत होते, त्यांनीच आता त्यांची नाडी धरली. आक्रमण परतवायचे असे मनापासून ठरले की जगाकडे साधने असतात, हे त्या ऑगस्टने दाखवले. म्हणूनच १९८० चे मौन मला अधिक बोचते.

त्या निर्बंधांची किंमत कोणी मोजली, हेही येथे लिहून ठेवले पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम ५० प्रमाणे, निर्बंध पाळल्याने ज्यांचे नुकसान होते ते देश परिषदेकडे दाद मागू शकतात. अशी दाद २१ देशांनी मागितली. त्यांत जॉर्डन होता, श्रीलंका, बांगलादेश, फिलिपिन्स होते, आणि भारतही होता. तेल दुपटीहून महागले, आखातातून येणारे मनिऑर्डरचे पैसे आटले, आणि आधीच आजारी असलेली आपली परकीय चलनाची गंगाजळी जवळजवळ कोरडी पडली. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने परदेशी गहाण ठेवायला पाठवले. त्या संकटाला इतर कारणे पुष्कळ होती, पण आखाताचा धक्का हे त्यांतले मोठे कारण होते. कलम ५० नुसार सगळ्यांची निवेदने नोंदली गेली, सहानुभूती व्यक्त झाली. हक्काची भरपाई म्हणून हाती लागावे असे काही त्या कलमात नव्हते.

यमनचे तर फारच वाईट झाले. २२ मे १९९० रोजी उत्तर आणि दक्षिण एक होऊन नुकताच जन्मलेला हा गरीब देश तेव्हा परिषदेचा सदस्य होता. २९ नोव्हेंबरला ठराव ६७८ आला; १५ जानेवारी १९९१ पर्यंत इराक हटला नाही, तर सर्व आवश्यक उपाय योजण्याची, म्हणजे युद्धाची परवानगी त्यात होती. बारा मते बाजूने पडली, चीन तटस्थ राहिला, क्यूबा आणि यमन यांनी विरोध केला. अमेरिकेने यमनची मदत तोडली. यमनच्या आधीच्या भूमिकेमुळे सौदी अरेबियाने सप्टेंबरपासूनच यमनी मजुरांच्या सवलती काढून घेतल्या होत्या, आणि सात-आठ लाख माणसांना गाशा गुंडाळून परतावे लागले. यमनचे मत चुकीचे होते असे कोणी म्हणू शकेल. पण सरकारने दिलेल्या मताची शिक्षा रियाधमधल्या गवंड्याने आणि किरकोळ दुकानदाराने का भोगावी, याचे उत्तर मला कोणत्याही ठरावात सापडले नाही.

७ ऑगस्ट

भारताने १९९० मध्ये जे केले त्याबद्दल माझ्या मनात दोन परस्परविरोधी भावना आहेत. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल ऑगस्टमध्ये बगदादला गेले आणि सद्दाम यांनी त्यांना मिठी मारली. ते छायाचित्र जगभर गेले आणि गुजराल यांच्यावर टीकेची झोड उठली. आक्रमकाच्या गळ्यात गळा घालणाऱ्या मंत्र्याचे छायाचित्र कुवेती निर्वासितांना कसे दिसले असेल, याची कल्पना मला करवत नाही. परंतु मामांसारखे पावणेदोन लाख लोक अडकलेले असताना बगदादचे दार उघडे ठेवणे हे त्या मंत्र्याचे कर्तव्यच होते. मामांना मी विचारले, तर ते म्हणाले, “अरे, आम्हाला बाहेर काढलं ना? मग मिठी मारली तर मारली.” त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो.

पुढे जानेवारी १९९१ मध्ये चंद्रशेखर सरकारने अमेरिकी लष्करी विमानांना मुंबई, मद्रास आणि आग्रा येथे इंधन भरू दिले. काही महिन्यांपूर्वी ज्या मुंबईत निर्वासितांची विमाने उतरली होती, तेथेच आता युद्धाकडे निघालेली विमाने तेल घेऊ लागली. राजीव गांधी यांच्या काँग्रेसने आक्षेप घेतला, सरकार त्यांच्याच पाठिंब्यावर तगलेले होते, आणि फेब्रुवारीत ती सवलत थांबली. एका बाजूला नाणेनिधीच्या कर्जाची निकड, दुसऱ्या बाजूला अलिप्ततेचा वारसा; दिल्लीची त्या हिवाळ्यातली ओढाताण समजून घेता येते. मला खटकते ते एवढेच की सगळा वाद इंधनाबद्दल झाला, आणि कुवेतवर झालेला अन्याय त्या वादात क्वचितच डोकावला.

९ ऑगस्ट

युद्ध संपल्यावर एप्रिल १९९१ च्या ठराव ६८७ ने इराकला सगळ्या नुकसानीबद्दल जबाबदार धरले, आणि भरपाईसाठी एक आयोग जिनिव्हात स्थापन झाला. इराकच्या तेलाच्या उत्पन्नाचा काही हिस्सा कापून घ्यायचा आणि दावेदारांना वाटायचा, अशी ती व्यवस्था होती. पळून यावे लागलेल्या साध्या माणसांचे दावे आधी घ्यायचे, कंपन्यांचे आणि सरकारांचे नंतर, हा क्रम ज्यांनी ठरवला त्यांना माझा मनापासून नमस्कार. एकट्या माणसाला अडीच हजार डॉलर, आणि इतर कोणताही दावा करणार नाही असे लिहून दिल्यास चार हजार. मामांनी चार हजारांचा पर्याय घेतला, आणि नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात ते पैसे हप्त्यांनी आले. त्यातून त्यांनी मामेबहिणीच्या शिक्षणाचे कर्ज फेडले. आयोगाने एकूण ५२.४ अब्ज डॉलर वाटले. शेवटचा हप्ता २०२२ मध्ये चुकता झाला. तो पैसा सामान्य इराकी माणसाच्या तेलातून गेला, आणि निर्बंधांच्या काळात त्या माणसाच्या मुलांना औषधे मिळत नव्हती, हे दुसऱ्या पारड्यात घालावेच लागते. निर्बंध उठले २००३ मध्ये, म्हणजे कुवेत मोकळा झाल्यानंतर बारा वर्षांनी.

आणि खोर्रमशहर? डिसेंबर १९९१ मध्ये महासचिव हाविएर पेरेझ दे क्वेयार यांनी पद सोडण्यापूर्वी परिषदेला एक अहवाल दिला. २२ सप्टेंबर १९८० चा हल्ला आंतरराष्ट्रीय कायद्याच्या कोणत्याही कसोटीवर समर्थनीय नव्हता आणि संघर्षाची जबाबदारी इराककडे जाते, असा त्याचा निष्कर्ष होता. ४७९ मध्ये जे लिहायला हवे होते ते अकरा वर्षांनी लिहिले गेले, तेही सद्दाम सगळ्यांचेच शत्रू झाल्यानंतर. त्या अहवालावरून कोणताही आयोग नेमला गेला नाही. मामांसारखाच एखादा हिशेबनीस खोर्रमशहरच्या बंदरावरही असेल. त्याच्या नावाचा अर्ज घेणारी खिडकी जगात कोठेच उघडली नाही.

नुसता योग्य शब्दांचा ठराव पुरेसा असतो, असे मी म्हणत नाही. डिसेंबर १९७५ मध्ये इंडोनेशियाने पूर्व तिमोरमध्ये फौज उतरवली, तेव्हा परिषदेने पंधरवड्यात, एकमताने, फौज काढून घ्यायला सांगितले. ती निघाली १९९९ मध्ये. तरीही त्या चोवीस वर्षांत तिमोरच्या लोकांकडे दाखवायला तो कागद होता. इराणकडे तेवढाही नव्हता.

म्हणून फेब्रुवारी २०२२ पासून माझ्या मनात आपल्या देशाबद्दल जो सल आहे, तो येथे लिहितो. युक्रेनवरच्या आक्रमणाचा निषेध करणारा मसुदा २५ फेब्रुवारीला परिषदेत आला. अकरा मते बाजूने पडली आणि रशियाने नकाराधिकार वापरून तो पाडला. भारत तटस्थ राहिला. २ मार्चला आमसभेत १४१ देशांनी बाजूने मत दिले, पाच विरोधात गेले, ३५ तटस्थ राहिले. त्या ३५ मध्ये पुन्हा भारत. आपल्या निवेदनांत सार्वभौमत्वाचा आणि प्रादेशिक अखंडतेचा आदर करण्याचे आवाहन होते, पण ती अखंडता कोणी मोडली ते नाव नव्हते. ते वाचताना मला ४७९ आठवत होता. त्या दिवसांत आपले हजारो विद्यार्थी युक्रेनमध्ये अडकलेले होते, पहिले विमान २६ फेब्रुवारीला मुंबईतच उतरले, आणि मामांचे उदाहरण समोर असल्यामुळे मी स्वतःला समजावले की आधी मुले घरी येऊ देत. मार्चमध्ये त्यांना परत आणण्याची मोहीम पूर्ण झाली. १२ ऑक्टोबरला युक्रेनचे चार प्रांत रशियाला जोडून घेण्याच्या प्रयत्नाविरुद्ध आमसभेत ठराव आला. १४३ बाजूने, पाच विरोधात, आणि ३५ तटस्थ. भारत तेव्हाही तटस्थांतच होता. स्वस्त तेल आणि रशियन शस्त्रे ही कारणे मला ठाऊक आहेत, ती खरीही आहेत, आणि ४७९ च्या बाजूने हात वर करणाऱ्या प्रत्येक देशापाशीही अशीच खरी कारणे होती.